घारापुरीची किनारा-सहल

मुंबई बंदरात दिवसभरासाठी लागलेल्या क्रूझ जहाजावरील प्रवाशांना घारापुरी बेटावर नेऊन लेणे दाखवणारी आणि जहाज सुटण्याआधी परत आणणारी, गाइडसह अर्ध्या दिवसाची सहल. जहाजावर तिला ‘शोअर एक्सकर्शन’ किंवा नुसते ‘एक्सकर्शन’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी एकच शब्द रुळलेला नाही. या नोंदीत सोयीसाठी ‘किनारा-सहल’ म्हटले आहे. रविवारी गेट वेला तिकीट काढून एलिफंटाला जाणाऱ्या मुंबईकराची फेरी आणि ही सहल यांची लाँच एक, जेट्टी एक, पायऱ्याही त्याच. फरक घड्याळाचा आहे. मुंबईकराला शेवटची लाँच गाठायची असते, तर क्रूझच्या प्रवाशाला जहाज.

क्रूझ कंपनी ही सहल स्वतः चालवत नाही. ती जहाजावरच्या काउंटरवर किंवा प्रवासाच्या आधीच विकली जाते. बस, लाँच, गाइड, प्रवेशाची तिकिटे आणि पाण्याच्या बाटल्या ही जुळवाजुळव बंदरातली स्थानिक पर्यटन कंपनी करते. क्रूझ कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त पडतात. तरी लोक ती घेतात, त्याचे मुख्य कारण असे, की अधिकृत सहलीचा ग्रुप उशिरा आला तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या हिमतीवर टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही. त्याला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणजे तिकिटाच्या किमतीत लेण्यासोबत या निश्चिंतीचाही दाम असतो.

हंगाम साधारण ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंतचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, लाँचसेवेचा भरवसा नसतो आणि परदेशी जहाजेही या किनाऱ्याला फारशी फिरकत नाहीत. आठवड्यातला एक वार मात्र बाराही महिने अडचणीचा. लेणी सोमवारी बंद असतात. जहाजाचे वेळापत्रक पुष्कळ आधी ठरते आणि त्यात वाराचा विचार असतोच असे नाही. सोमवारी लागलेल्या जहाजाला मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, धोबीघाट अशी शहर-सहल दिली जाते.

वेळेचा हिशेब

जहाज सकाळी बॅलार्ड पियरच्या बाजूला लागते. इंदिरा गोदीजवळच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. परदेशी प्रवाशांचा व्हिसा तपासला जातो, त्यांना उतरण्याची परवानगी मिळते, मग छातीवर ग्रुपच्या नंबराचा स्टिकर चिकटवून ते बसमध्ये बसतात. बॅलार्ड पियर ते गेट वे ऑफ इंडिया हे अंतर दोनेक किलोमीटरचे, दहा मिनिटांचे. गेट वेपासून बेट सुमारे दहा किलोमीटर, लाँचने एक तास. उतरल्यावर जेट्टी आणि पायऱ्या मिळून वीस-पंचवीस मिनिटे, म्हातारी मंडळी असतील तर अधिक. परतीलाही तेवढेच. सगळे मिळून साडेचार-पाच तास होतात आणि त्यातून प्रत्यक्ष लेण्याच्या वाट्याला एक तास, फार तर सव्वा तास येतो. बाकीचा वेळ जाण्यायेण्याचाच. ही सहल कशी आखली जाते आणि तिच्यातून काय गाळले जाते, हे या एका हिशेबावरून कळते.

एवढे मोठे जहाज थेट बेटालाच का नेत नाहीत, असे प्रवासी हमखास विचारतात. घारापुरीभोवती पाणी उथळ आहे. ओहोटीला किनाऱ्यालगतचा चिखल लांबवर उघडा पडतो, त्यात तिवरांची झुडपे. म्हणूनच बेटाची जेट्टीसुद्धा लांबच लांब आत काढलेली आहे.

वाट

गेट वेला लाँच एकीला एक लागून उभ्या असतात. पायऱ्यांशी लागलेली लाँच आपली असेलच असे नाही. मग पहिलीत चढायचे, तिच्या डेकवरून आडवे जाऊन दुसरीच्या काठावर पाय टाकायचा, तिथून तिसरीत. दोन लाँचच्या मधली फट लाटेबरोबर उघडते आणि मिटते, आणि खलाशी प्रत्येकाचा दंड धरून ‘चलो, चलो’ म्हणत पलीकडे देतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या परतताना शेवाळ लावून उघड्या पडलेल्या असतात. जहाजाच्या माहितीपत्रकात सहलीपुढे ‘मध्यम श्रमाची’ असे काहीतरी लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे बेटावरच्या पायऱ्या असाव्यात. सत्तरीतल्या प्रवाशाची खरी परीक्षा गेट वेलाच होते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकून ती उलटली आणि डझनावर माणसे दगावली. त्यानंतर लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती करण्यात आली.

तासाभराच्या जलप्रवासात मुंबई बंदराचे सध्याचे काम डोळ्यांसमोरून जाते : नौदलाची जहाजे, जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. चांगला गाइड हा वेळ वाया घालवत नाही. शंकराचे कुटुंब, रावणाने कैलास का हलवला, गंगा जटेत कशी अडकली, हे सगळे तो लाँचवरच सांगून ठेवतो, कारण लेण्यात शिरल्यावर पहिल्यापासून गोष्ट सांगायला वेळ नसतो. मोठ्या ग्रुपना जर्मन, फ्रेंच, रशियन अशा भाषा येणारे, पर्यटन खात्याचा परवाना असलेले गाइड दिले जातात.

जेट्टीवर छोटी टॉय ट्रेन आहे. तिच्यात बसायची अजिबात गरज नसते, पण सगळे बसतात. पुढे १२० पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्रीखाली दुकाने : मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, मक्याची कणसे, मीठ-मसाला लावलेली काकडी. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीच्या डोल्या असतात, चौघे जण खांद्यावरून नेतात. माकडांचा उपद्रव मोठा. हातात कोल्ड्रिंकची बाटली दिसली की ती गेलीच म्हणून समजावे. टोपण काढून उभ्याउभ्या पिणारे माकड हा कित्येक प्रवाशांच्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो असतो.

पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये असे आहे. किनारा-सहलीत ते आधीच धरलेले असल्याने दोन दरांची पाटी प्रवाशाला सहसा खटकत नाही.

लेण्यातला एक तास

बेटावर सात लेणी आहेत, पाच शैव आणि दोन बौद्ध. सहलीत खऱ्या अर्थाने पाहिले जाते ते एकच, क्रमांक एकचे. इ. स. सहाव्या शतकाच्या मध्याचे हे काम बरेच अभ्यासक कलचुरींचे मानतात; कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने सापडली आहेत. ते कोणी कोरवून घेतले याचा स्पष्ट पुरावा मात्र हाती नाही. पोर्तुगिजांनी इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला अशी नोंद सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दिओगो दो कोतो या इतिहासकाराने केली आहे, आणि तो लेख पुन्हा कधीच मिळाला नाही.

आज पर्यटक उत्तरेकडून आत येतात. उजव्या हाताला नटराज, डावीकडे योगीश्वर, आणि नाकासमोर, खांबांच्या रांगांपलीकडे, दक्षिण भिंतीवर अंधारातून हळूहळू उमटणारा साडेपाच-सहा मीटर उंचीचा, तीन मुखांचा सदाशिव. वेळ कमी असला की गाइड सगळ्या ग्रुपला थेट तिथेच नेतो. त्यात चूक नाही, पण त्या लगबगीत एक गोष्ट हातची जाते : लेण्याला दुसराही अक्ष आहे. शिवलिंगाचे चौकोनी गर्भगृह सभामंडपाच्या पश्चिम भागात आहे, त्याला चारही दिशांना दारे, दारांशी उंच द्वारपाल, आणि पूर्वेच्या अंगणातून येणारा त्याच्याकडे सरळ चालत येतो. उत्तरेकडून आलेल्याचे डोळे सदाशिवावर खिळतात, पूर्वेकडून आलेल्याचे लिंगावर. पूर्वेच्या अंगणात जाऊन एकदा वळून पाहायला पाच मिनिटे पुरतात. तेवढी पाच मिनिटे देणारा गाइड मिळाला तर प्रवासी नशीबवान.

घाईचा आणखी एक बळी म्हणजे खुद्द मुख्य मूर्तीचे नाव. तीन मुखे दिसली की ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ असे सांगून मोकळे होणे सोपे, आणि पहिल्यांदाच भारतात आलेल्या माणसाला ते चटकन पटतेही. प्रत्यक्षात तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत तत्पुरुष. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मिशा असलेले, उग्र अघोर अर्थात भैरव. उजवीकडचे हाती कमळ घेतलेले कोमल वामदेव, ज्याला उमेचे मुख असेही म्हणतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांचे शिल्पपट याच अर्थाला जोडून घेतात : डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. ‘त्रिमूर्ती’ हे नाव आता इतके रुळले आहे की फलकांवरून ते जाणार नाही, पण गाइडने तरी दोन वाक्ये जास्त बोलावीत.

कल्याणसुंदर (शिवपार्वतीचा विवाह), अंधकासुरवध, रावणानुग्रह (कैलास हलवणारा रावण), कैलासावर द्यूत खेळणारे शिवपार्वती हे पट उरलेल्या वेळात होतात. बहुतेक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज सैनिकांनी इथे नेमबाजीचा सराव केला ही गोष्ट त्यापुढे सांगितली जातेच. सगळी मोडतोड त्यांच्याच माथी मारणे आता सर्व अभ्यासकांना मान्य नाही. पाण्याचा झिरपा आणि खडकाची झीज यांनीही शतकानुशतके आपले काम केले आहे. काही खांब तर अलीकडच्या काळात नव्याने उभारलेले आहेत.

सहलीत न येणारे बेट

घारापुरी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या, वस्ती हजार-बाराशेच्या घरात. समुद्राखालून केबल टाकून बेटावर पूर्णवेळ वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे तीन-चार तास दिवे लागत, तेही समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना. पर्यटकाला रात्री मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे शेवटची लाँच सुटल्यावरचे गाव बाहेरच्याला माहीत नसते. डोल्या उचलणारे, दुकाने लावणारे बहुतेक इथलेच. पॅकेजमधला प्रवासी गावात खर्च करतो तो पायऱ्या उतरतानाच्या पंधरा मिनिटांत, गाइड पुढे फळी उंचावून ‘चला’ म्हणत असताना; त्याच पंधरा मिनिटांत दुकानदाराला भाव सांगायचा, तोडायचा आणि माळ कागदात गुंडाळून द्यायची असते.

दुसऱ्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, शैव लेण्यांहून बरेच जुने. मोराबंदरच्या बाजूला भूमध्य समुद्राकडून आलेल्या दुहाती मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत, म्हणजे एके काळी जहाजे या बेटालाच लागत असत. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात नौकांनी वेढलेल्या, ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ म्हणवणाऱ्या पुरीचा उल्लेख येतो. ती पुरी म्हणजे हेच बेट असे काही अभ्यासक मानतात. वरच्या टोकाला इंग्रजांच्या काळच्या दोन तोफा आहेत. यातले काहीही अर्ध्या दिवसात बसत नाही.

जहाज थांबलेले असताना घारापुरी पाहून घेण्याची रीत मात्र क्रूझ कंपन्यांपेक्षा कितीतरी जुनी. १५३८ मध्ये दीवकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारासोबतचा ज्युआंव द कास्त्रू इथे उतरला आणि लेण्याची मोजमापे टिपून गेला. १७६३ मध्ये मुंबईत आलेल्या कार्स्टन नीबूर या जर्मन प्रवाशाने शिल्पांची रेखाटने केली आणि ती युरोपभर पोचली. नोव्हेंबर १८७५ मध्ये ‘सेरापिस’ जहाजातून आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी तर मुख्य लेण्यातच रोषणाई करून मेजवानी मांडण्यात आली. १९८७ मध्ये युनेस्कोने ही लेणी जागतिक वारसा यादीत घेतली, त्यानंतर तिथे पंगत मांडण्याचा प्रश्नच उरला नाही.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो बेटावर दिसत नाही, आणि काही प्रवासी शेवटपर्यंत तो शोधत असतात. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. भायखळ्याच्या त्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी तो उभा आहे. गेट वेला परतलेली सहलीची बस तिकडे जात नाही. ती बॅलार्ड पियरकडे वळते.