‘इंटरनॅशनल लायसन्स’ नावाचा घोळ : पार्श्वभूमी

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गोव्यातल्या कुठल्याही आरटीओच्या खिडकीवर एक वाक्य कानावर पडते : ‘इंटरनॅशनल लायसन्स काढायचंय.’ खिडकीपलीकडचा माणूस त्याच नावाने उत्तर देतो, बाहेरचा एजंटही तेच नाव वापरतो. हाती येणाऱ्या पुस्तिकेवर मात्र ‘इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट’ असे छापलेले असते आणि त्यातला ‘परमिट’ हा शब्दही फसवाच. त्या पुस्तिकेने कुणाला गाडी चालवायचा अधिकार मिळत नाही. तुमच्या पाकिटातल्या गोव्याच्या लायसन्सचे ते फोटो-शिक्क्यासकट केलेले भाषांतर आहे. मूळ कार्ड सोबत नसेल तर भाषांतराची किंमत शून्य. माझ्या भाच्याला हे लिस्बनच्या विमानतळावर, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कळले. कार्ड पर्वरीत, टेबलाच्या खणात होते. पैसे भरलेले होते, बायको आणि सासू बॅगांवर बसलेल्या होत्या, आणि काउंटरवरची बाई पुस्तिका परत त्याच्याकडे सरकवत होती.

हा घोळ शंभराहून अधिक वर्षांचा आहे. पॅरिसमध्ये १९०९ साली झालेल्या करारात मोटारगाडी आणि तिचा चालक या दोघांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय प्रवासपत्र ठरले. त्या काळी परक्या देशात मोटार फिरवणारा माणूस स्वतःची गाडी घेऊन जाई, त्यामुळे एक कागद पुरे होता. पुन्हा पॅरिसमध्येच १९२६ साली त्या कागदाचे दोन तुकडे झाले, एक गाडीचा आणि एक चालकाचा. भाड्याच्या गाडीचा विचार या मंडळींच्या डोक्यात फारसा नसावा. तो धंदा अटलांटिकपलीकडे वाढत होता. शिकागोत १९१८ मध्ये डझनभर फोर्ड गाड्यांवर एकाने तो सुरू केला, आणि १९४६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर दुसऱ्याने काउंटर थाटला. विमानातून उतरायचे आणि किल्ली घ्यायची, ही आज साधी वाटणारी गोष्ट तिथून रुळली.

याच दरम्यान गोव्याच्या वाट्याला एक निर्णय आला. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. गोवा, मकाव आणि मोझांबिक मात्र डावीकडेच राहिले, कारण त्यांचे शेजारी डावीकडून चालत होते. बांद्याहून पेडण्यात शिरणाऱ्या गाडीने सीमेवर बाजू बदलायची म्हणजे काय झाले असते, याची कल्पनाच करवत नाही. म्हणजे राज्य लिस्बनचे आणि रस्त्याचा नियम शेजारच्या इंग्रजांचा. आज सुट्टीला पोर्तुगालला जाणारा गोवेकर ज्या उजव्या बाजूने गोंधळतो, ती त्याच्या पणजोबांनाही परकीच होती.

आताचा कागद जिनिव्हात १९४९ साली झालेल्या करारातून आला. भारत त्यात मार्च १९६२ मध्ये सामील झाला, म्हणजे गोवा मुक्त होऊन तीन महिनेही झाले नव्हते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमच्या आजोबांच्या तोंडी ‘परमिट’ म्हणजे पत्रादेवीची सीमा ओलांडायचा कागद. सावंतवाडीची बहीण त्यांच्यासाठी परदेशात होती. भारताने १९५५ मध्ये सीमा आवळल्यावर भाऊबीजेलाही कागद दाखवावा लागे. अशा घरात ‘परमिट’ हा शब्द पुन्हा प्रेमाने कोण उच्चारणार?

‘लायसन्स’ हे नाव का चिकटले, त्याचे एक कारण मला इथे दिसते. दुसरे कारण सरळ कायद्यातले आहे. फ्रेंचमध्ये गाडी चालवायच्या परवान्यालाच ‘पर्मी’ म्हणतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात मात्र माणसाला मिळते ते लायसन्स, आणि परमिट मिळते गाडीला, धंद्यासाठी. टॅक्सीचे परमिट, बसचे परमिट, ट्रकचे परमिट. गोव्यात तर दारूचेही. त्यामुळे माणसाच्या नावाचे परमिट ही गोष्ट इथल्या कानाला पटलीच नाही आणि लोकांनी आपापल्या समजुतीने नाव दुरुस्त केले. दुरुस्ती भाषेच्या दृष्टीने बरोबर, अर्थाच्या दृष्टीने साफ चुकीची. लायसन्स म्हटले की माणूस समजतो, हे मोठे, ते घरचे छोटे. मोठे असले की छोटे कशाला न्यायचे? खणातल्या कार्डाची गोष्ट इथून सुरू होते.

१९४९ च्या कराराचे कलम २४ वाचले तर आणखी गंमत आहे. त्यात मूळ नियम असा, की करारातल्या एका देशाने परीक्षा घेऊन दिलेले लायसन्स दुसऱ्या देशाने नव्याने परीक्षा न घेता मानावे. पुस्तिका मागायची मुभा त्यानंतर येते, आणि तीही विशेष करून अशा चालकांसाठी, ज्यांच्या देशात लायसन्स लागतच नाही किंवा ज्यांचे लायसन्स ठरलेल्या नमुन्यात बसत नाही. म्हणजे पुस्तिका हा अपवाद होता. अपवादाचा नियम कुणी केला? काही देशांच्या पोलिसांनी, आणि त्याहून जास्त भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरांनी. ब्रिटनमध्ये सुट्टीला गेलेला गोवेकर आपल्या इंग्रजी छपाईच्या कार्डावर बारा महिने गाडी चालवू शकतो. तरीही ‘असू दे जवळ’ म्हणून पुस्तिका काढणारे पुष्कळ. त्यांना मी हसत नाही. परक्या काउंटरवर वाद घालण्यापेक्षा हजार रुपये स्वस्त.

त्यानंतर १९६८ मध्ये व्हिएन्नात नवा करार झाला आणि दोन पुस्तिका झाल्या. जुनी एक वर्ष चालते, नवी तीन वर्षांपर्यंत. भारत नव्या वाहतूक करारात गेलेला नाही, म्हणून आपली पुस्तिका वर्षाचीच. याचे परिणाम वेडेवाकडे आहेत. जपान फक्त १९४९ च्या करारात आहे. तिथे आपली पुस्तिका चालते आणि जर्मन माणसाची चालत नाही, त्याला आपल्या लायसन्सचे जपानी भाषांतर करून घ्यावे लागते. व्हिएतनाम फक्त १९६८ च्या करारात आहे, तिथे उलटे : जर्मन माणसाची पुस्तिका चालते, आपली नाही. हनोईत भाड्याने स्कूटर देणारा माणूस तुमची पुस्तिका उघडूनही पाहत नाही, किल्ली देऊन मोकळा होतो. प्रश्न येतो तो अपघातानंतर, विमा कंपनी कागद मागते तेव्हा.

घरच्या बाजूला बरीच वर्षे वेगळाच त्रास होता. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला आणि व्हिसा लागायचा. दाखल्याचे काय सांगावे? मी काढला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता सही ठोकली होती. डोळे तपासायचे तर आधी माझ्याकडे बघायला हवे होते. व्हिसाची अट जास्त जाचक, कारण कित्येक देश व्हिसा पोहोचल्यावर देतात किंवा निघायच्या आदल्या आठवड्यात देतात. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने दोन्ही अटी काढल्या आणि परदेशात असताना मुदत संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नूतनीकरणाची सोय केली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुस्तिकेचा नमुना देशभर एकच झाला. तोवर आकार, रंग, मांडणी राज्याराज्यांत निराळी होती आणि परदेशी पोलीस त्याकडे संशयाने बघत. आता तीवर क्यूआर कोड असतो आणि मूळ लायसन्सशी जोड असते. याच अधिसूचनेत आपल्या आणि करारांतल्या वाहनवर्गांची तुलनाही दिली. ती गरजेची होती. आपले ‘एलएमव्ही’, म्हणजे हलके मोटार वाहन, साडेसात हजार किलोंपर्यंत जाते, करारातला ‘बी’ वर्ग साडेतीन हजारांवर थांबतो. तिकडे अवजड कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायचा बेत असेल तर हा फरक आधी बघून घ्यावा.

लायसन्स असूनही गाडी मिळत नाही, याचे बहुतेक वेळा कारण क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवायची पद्धत आहे, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, आणि कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. घरातला पैसा बाबांच्या कार्डावर आणि स्टिअरिंग मुलाच्या हाती, ही आपली साधी व्यवस्था तिथे मोडते. नव्वदीच्या आधी तर परकीय चलनच मोजून मिळे, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. रिझर्व्ह बँकेची वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेऊ देणारी योजना २००४ मधली. ती मर्यादा आता अडीच लाखांवर आहे. परदेशात स्वतः गाडी चालवत फिरणे ही मध्यमवर्गीय गोवेकराची हौस झाली ती यानंतरच.

तिकडे जाणाऱ्या गोवेकराला वाटते की भाड्याची गाडी आपल्याला माहीत आहे, कारण दारात तेच चालते. खरे तर इथेही नावाचा तसाच घोळ आहे. कायद्यात ‘रेंट अ कार’ नाहीच. केंद्राने १९८९ साली योजना केली ती ‘रेंट अ कॅब’. म्हणजे चालकाशिवाय दिलेली गाडीही कागदावर टॅक्सीच. म्हणून तिची नंबराची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. परवाना हवा तर किमान ५० गाड्या दाखवायच्या, त्यातल्या निम्म्या वातानुकूलित. दुचाकींची योजना १९९७ मध्ये आली, तिथे पाच पुरतात. दुचाकीला पाच आणि मोटारीला पन्नास, हा हिशेब गोव्यासाठी कधीच नव्हता. इथला धंदेवाला म्हणजे कळंगुटातला दोन गाड्यांचा मालक. त्याला दारातून घालवले तर तो खिडकीतून आला, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देऊन. अशा गाडीला अपघात झाला तर विमा हात वर करतो, हे पर्यटकाला ठाऊक नसते, मालकाला असते. टॅक्सीवाले पांढऱ्या पाटीवर चिडतात. त्यांचा राग समजतो, पण खापर सगळे छोट्या मालकावर फोडणे मला पटत नाही.

त्यामुळे आपला माणूस परदेशी काउंटरवर घरच्याच सवयी घेऊन पोहोचतो. ‘फुल इन्शुरन्स आहे ना?’ असे विचारतो आणि मान हलली की सही करतो. तिथल्या मूळ विम्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा भाडेकऱ्यानेच भरायचा असतो. काच आणि टायर कित्येकदा त्यातही नसतात. काउंटरवर जास्तीचे पैसे मागतात ते हा हिस्सा माफ व्हावा म्हणून. गाडी घेताना चारही बाजूंचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा, छपराचाही, हे भाच्याला मी सांगितले होते. लायसन्सच्या कार्डाचे सांगायचे राहिले.

त्याच्या भावाने दुसऱ्या दिवशी खण उघडून कार्ड कुरिअरने पाठवायची तयारी केली, पण तोवर सुट्टीतले चार दिवस गेले असते. शेवटी सगळे रेल्वेने पोर्तोला गेले. परतीच्या दोन दिवसांसाठी गाडी मिळाली, कारण तिथल्या मित्राने, मूळ मडगावच्या, आपल्या लायसन्सवर ती घेतली आणि स्वतः चालवली. भाचा शेजारी बसला होता, म्हणजे उजव्या हाताला, जिथे गोव्यात स्टिअरिंग असते. मित्र सांगत होता, पहिल्या महिन्यात वळणावर इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर फिरायचा. घरच्या मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला, इथे डाव्या. कोरड्या उन्हात काच पुसत वळणारी गाडी दिसली की मागचे लोक हॉर्न न वाजवता अंतर ठेवायचे.