एकदा वर चढवलं की झालं

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या हुक नॉर्टन गावात लोहयुक्त दगडाचा, विटांचा आणि लाकडी फळ्यांचा एक बुरूज उभा आहे. ही बीअरची ब्रुअरी. 1849 मध्ये जॉन हॅरिस या शेतकऱ्याने इथे माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाचा, धंदा सुरू केला. आजची इमारत 1900 च्या सुमारास पुरी झाली. आराखडा विल्यम ब्रॅडफर्ड यांचा.

ही उंची दिखाव्यासाठी नाही. माल्ट आणि पाणी एकदा वर चढवायचं, पुढची बरीचशी वाट गुरुत्वाकर्षण काढून देतं. माल्ट भरडून खाली पडतो आणि गरम पाण्यात भिजतो. मोड येताना जवात तयार झालेली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, 65 अंश सेल्सिअसच्या आसपास पिठाची साखर करतात. हे गोड पाणी हॉप्स या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि साखरेचं मद्य करणाऱ्या यीस्टच्या हवाली करायचं.

वर चढवायला ताकद किती लागते? ज्यांच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो ते जेम्स ज्यूल सॅलफर्डच्या एका ब्रुअरी-मालकाचेच चिरंजीव, तेव्हा हिशेब ज्यूलमध्येच करू. एक टन पाणी 20 मीटर चढवायला सुमारे 2 लाख ज्यूल लागतात. तेच पाणी 15 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापवायला जवळपास 21 कोटी, म्हणजे हजारपटीहून जास्त! ब्रुअरीतला खरा खर्च चुलीचा. उचलणं त्यामानाने फुकटात पडतं. चिकट, गरम रस जागोजागी पंपाने ढकलण्यापेक्षा तो आपोआप उतरू देणं सोयीचं, हे त्या काळच्या बांधणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

उचलण्याचं काम करणारं वाफेचं इंजिन 1899 मध्ये बसवलं. बक्स्टन अँड थॉर्नली कंपनीचं, 25 अश्वशक्तीचं. गळती आणि घर्षण सोडलं तर मघाचं एक टन पाणी ते 11 सेकंदांत 20 मीटर चढवेल. त्याच्यापासून शाफ्ट आणि पट्टे निघत आणि इमारतभर यंत्रं फिरत. 2006 पर्यंत हे इंजिन रोजच्या कामाला होतं. शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच जागी, एकाच कामाला! मला या साऱ्या वास्तूत सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्याचाच.

आणखी एक जुनं भांडं इथे जपलेलं आहे: परातीसारखं उथळ, प्रचंड पसरट. उकळलेला रस त्यात पसरून निववत. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तेच तत्त्व. पृष्ठभाग वाढतो आणि उडून जाणारं प्रत्येक ग्रॅम पाणी दोन हजारांहून जास्त ज्यूल उष्णता सोबत नेतं. पण उघड्यावर निवणाऱ्या गोड रसात हवेतले जिवाणूही उतरतात आणि बीअर आंबट होते. म्हणून बंद शीतक यंत्रं आली आणि परात रिकामी झाली.