तेरा जणांच्या रग्बीतला फ्रेंच विंगर: पार्श्वभूमी

फ्रेंच विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणारा खेळाडू, आज रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीत, पुढे येतो तो बहुतेक दक्षिणेतूनच. सुरुवात गावच्या क्लबात, पुढे पेर्पिन्याँ किंवा तुलूझचा मोठा क्लब आणि तिथून इंग्लंडची अव्वल स्पर्धा, सुपर लीग. याहून मोठं मैदान देशात का नाही, ते समजायला १९३०-४० च्या दशकांत डोकवावं लागतं.

हौशीपणाच्या नावाखाली पैसे दिले जातात आणि सामन्यांत हाणामाऱ्या होतात, या कारणांवरून १९३१ मध्ये फ्रान्सला पंधरा जणांच्या रग्बीतील पाच देशांच्या स्पर्धेतून वगळलं गेलं. ३१ डिसेंबर १९३३ ला पॅरिसमध्ये ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन संघांचा तेरा जणांचा प्रदर्शनीय सामना झाला, १९३४ मध्ये फ्रेंच संघटना उभी राहिली आणि १९३९ मध्ये फ्रान्सने युरोपीय अजिंक्यपदही मिळवलं.

मग घाव बसला. १९ डिसेंबर १९४१ च्या व्हिशी सरकारच्या (जर्मन ताब्याच्या काळातलं फ्रेंच सरकार) हुकुमाने ही संघटना बरखास्त झाली आणि तिची मालमत्ता सरकारी क्रीडा समितीच्या ताब्यात गेली. कारण दिलं व्यावसायिकतेचं. ते पटत नाही, कारण व्यावसायिक फुटबॉल आणि बॉक्सिंगला आवरतं घ्यायला तीन वर्षांची मुदत मिळाली होती. पंधरावाल्यांच्या दबावाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे, पण फायदा त्यांचाच झाला हे उघड आहे. तयार खेळाडू आणि मैदानं आयती त्यांच्याकडे गेली. युद्धानंतर खेळ परतला, मालमत्ता मात्र परतली नाही. अधिकृत नावात ‘रग्बी’ शब्दही नको, म्हणून ‘तेराचा खेळ’ हे नाव १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चिकटून राहिलं.

तरीही १९५१ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रेलियात कसोटी मालिका २-१ ने जिंकली, १९५५ मध्ये पुन्हा तेच केलं. तेव्हा टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडण्याला, मर्यादा नव्हती. चेंडू हातोहात फिरत कडेला आला, की विंगरचं काम सुरू. पुढे मर्यादा आली, आधी चार टॅकलची, मग सहांची. तेवढ्या संपल्या की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, आणि विंगरचं कामच बदललं. पाचव्या टॅकलनंतर कोपऱ्यात उंच किक पडते. ती उडी मारून झेलायची, आणि हातून चेंडू पुढे सुटला तर आपल्याच रेषेजवळ ताबा जातो. झेल घेतला तरी सुटका नाही: थकलेल्या फॉरवर्डना (मधल्या धिप्पाड खेळाडूंना) दम मिळावा म्हणून पहिल्या एक-दोन धडका विंगरलाच घ्याव्या लागतात. बचावात नेहमीची चूक म्हणजे आतल्या खेळाडूवर झेपावून बाहेरची वाट मोकळी सोडणं. ट्रायचे, म्हणजे विरोधी रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, गुण चार. कोपऱ्यातला झेंडा लागला तरी आता चालतं, पण चेंडू टेकवण्याआधी बूट बाजूच्या रेषेला लागला की सगळं फुकट.

पेर्पिन्याँचा क्लब २००६ पासून सुपर लीगमध्ये आहे. २०१८ मध्ये त्याने वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला २०-१४ ने हरवून चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. इंग्लंडबाहेरच्या संघाची ती पहिलीच वेळ. तुलूझ २०२२ मध्ये सुपर लीगमध्ये वर आलं आणि त्याच मोसमात खाली गेलं.