पार्श्वभूमी : रविवारचे पाठ कोणी नेमले?

रविवारच्या उपासनेत बायबलमधलं काय वाचायचं याची अनेक मंडळ्यांत ठरलेली यादी असते. तिच्यात ज्या वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान चालू असतं, त्या वर्षी जुलैच्या १० ते १६ तारखांमधल्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला वाचला जातो. आपल्याकडे तेव्हा पुनर्वसूचा पाऊस असतो. ज्यांची पेरणी साधली त्यांचं रान हिरवं झालेलं असतं, ज्यांची उलटली ते दुबार पेरणीच्या विवंचनेत असतात. वाटेवर पडलेलं बी, खडकाळीवर उगवून करपलेलं बी, काट्यांनी कोंडलेलं बी हे त्या दिवशी कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपला पावसाळा नव्हता. त्यांच्याकडे त्या सुमाराला कापणी लागते.

पण या दाखल्याच्या जोडीला जुन्या करारातलं काय वाचायचं, याचा वाद अजून मिटलेला नाही. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, पहिलं वाचन यशयाच्या ५५व्या अध्यायातलं असतं. पाऊस आणि बर्फ आकाशातून उतरतात, ते जमीन भिजवल्याशिवाय माघारी जात नाहीत, तसंच देवाचं वचन. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या जी यादी वापरतात तिच्यात मात्र त्या रविवारी दोन रकाने दिसतात. एकात हाच यशया आहे. दुसऱ्यात उत्पत्तीचा २५वा अध्याय आहे : एसाव रानातून भुकेने कासावीस होऊन येतो आणि वाटीभर डाळीसाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या याकोबाला देऊन टाकतो. या गोष्टीचा पेरणीशी काहीही संबंध नाही. तो नसावा, असं पुष्कळ विचार करून ठरवलेलं आहे. उपदेशाच्या तयारीला बसणाऱ्याला हे दोन रकाने कुठून आले ते ठाऊक असलं पाहिजे, कारण त्यातला एक निवडला की उपदेशाची दिशाच बदलते.

प्रश्न जुना आहे. लूक सांगतो की नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाचा ग्रंथ दिला गेला आणि त्याने एक विशिष्ट जागा काढून वाचली. तो भाग त्या दिवसासाठी नेमलेला होता की त्याने स्वतः निवडला, यावर अभ्यासक आजही भांडतात. इसवी सन १५०च्या सुमाराला रोममधला एक ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ ‘वेळ असेल तोवर’ वाचले जातात आणि मग प्रमुख उठून बोध करतो. वेळ असेल तोवर, म्हणजे यादी नव्हती. पुढे सण ठरत गेले तसे सणांचे पाठ ठरले, आणि मध्ययुगात वर्षभराची एक ठरीव मालिका पश्चिमेत रूढ झाली : दर रविवारी पत्रांतला एक उतारा आणि शुभवर्तमानातला एक, दरवर्षी तेच.

धर्मसुधारणेच्या काळात ही मालिका काहींनी मोडली. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिकमधल्या नव्या धर्मोपदेशकाने नेमलेला पाठ बाजूला ठेवून मत्तय १:१ पासून सलग बोलायला सुरुवात केली. जिनिव्हामधला उपदेशक १५३८ मध्ये हद्दपार झाला, १५४१ मध्ये परत आला आणि जिथे थांबला होता त्याच्या पुढच्याच वचनापासून त्याने उपदेश सुरू केला. जर्मनीतल्या सुधारकाने मात्र जुनी मालिका ठेवली. वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून राहिला असताना १५२१-२२ मध्ये त्याने तिच्यावरच नमुन्याचे उपदेश लिहिले, कारण ज्यांना स्वतः तयारी जमत नव्हती त्यांच्या हाती काहीतरी धड पडायला हवं होतं. इंग्लंडच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकानेही रविवारचे पाठ फारसे हलवले नाहीत. रोमने १५७०च्या मिस्सा-ग्रंथात तेच पक्के केले, आणि पुढची चारशे वर्षं कॅथलिक भाविकांच्या कानांवर रविवारी जुना करार जवळजवळ पडलाच नाही.

आपल्याकडे याच चारशे वर्षांत एक वेगळी गोष्ट घडली होती. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा क्रमाने येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. हे देवळात जमलेल्या भाविकांपुढे वाचलं जात असे. म्हणजे मिस्सा लॅटिनमध्ये चालत होती, तिच्यात अब्राहाम आणि मोशे क्वचितच डोकावत होते, आणि त्याच देवळात मराठी ओव्यांमधून माणसं त्यांची कथा सलग ऐकत होती. जुन्या कराराला त्याच्या क्रमाने बोलू द्यावं ही गोष्ट विसाव्या शतकाने शोधली असं कोणी म्हणालं की मला पहिलं पुराण आठवतं.

खरा पालट १९६३ ते १९९२ या तीस वर्षांतला. ४ डिसेंबर १९६३ रोजी रोमला भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यातल्या ५१व्या कलमात बायबलचा खजिना भाविकांसाठी अधिक सढळ हाताने उघडावा असं म्हटलं, आणि ५२व्या कलमाने प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरवला. या ५२व्या कलमाचं महत्त्व तयारी करणाऱ्याला जास्त कळतं. तोवर पुष्कळ ठिकाणी प्रवचन म्हणजे धर्मशिक्षणाचा एखादा मुद्दा, सूचना आणि समज असं काहीही असे. वाचलेल्या पाठातून ते निघावं ही अपेक्षा आता लेखी झाली.

यादी करायला नेमलेल्या अभ्यासगटापुढे एक साधा पर्याय होता. लुथरन आणि अँग्लिकनही तीच जुनी मालिका वापरत होते, तेव्हा ती ठेवावी आणि तिला जोड द्यावी, म्हणजे मंडळ्यांमधला एक दुवा टिकेल. तो पर्याय मागे पडला. तीन वर्षांचं नवं चक्र आलं : पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. मार्क आखूड असल्यामुळे त्याच्या वर्षात पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. दर रविवारी जुन्या करारातलं वाचन आणि स्तोत्र आलं. २५ मे १९६९ रोजी हे जाहीर झालं आणि ३० नोव्हेंबरला, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ते वापरात यायला लागलं. नंतर नवल असं झालं की जुना दुवा तुटेल ही भीती होती, पण थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ही नवी यादीच आपल्या सोयीने उचलली. जर्मन लुथरन मात्र आजही एका वर्षाच्या मालिकेवर आहेत. उपदेशासाठी त्यांनी सहा वर्षांचं वेगळं चक्र ठेवलं आहे, आणि २०१८च्या आगमनकाळात ते सुधारून घेतलं.

वादाचं मूळ एका निर्णयात आहे. १९६९च्या यादीत शुभवर्तमान आधी ठरवलं आणि जुन्या करारातलं वाचन त्याला जुळेल असं शोधलं. पेरणी म्हटली की यशयाचा पाऊस. पाच भाकरी म्हटल्या की अलीशाच्या वीस भाकरी. उपदेश तयार करणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. दोन वाचनांमधला धागा आधीच ओवलेला असतो, सोमवारी पाठ उघडले की मंगळवारी मुद्दे हाती येतात. पण या सोयीची किंमत मोठी आहे. जुना करार वरातीपुढच्या वाजंत्र्यासारखा होतो : त्याने पुढे चालायचं, वाजवायचं, आणि नवरदेव आला की बाजूला व्हायचं. दावीद, एलीया, यिर्मया यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं ते ऐकूच येत नाही. जुन्या कराराकडे नुसतं पूर्वसूचना म्हणून पाहिलं की यहुदी लोकांच्या शास्त्राची किंमत आपण कमी लेखतो, हा आक्षेपही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीने उचलून धरला आणि तो मला सर्वस्वी पटतो. त्यात पुनरुत्थानकाळाचे सात रविवार जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात. स्तोत्रं वगळली, तर रविवार आणि मोठे सण मिळून तीन वर्षांत जुन्या कराराचा शेकडा चार इतकाही भाग वाचला जात नाही. नव्या कराराचा शेकडा चाळीस वाचला जातो.

उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या संयुक्त गटाने १९८३ मध्ये काढलेल्या प्रायोगिक यादीत म्हणूनच पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या) महिन्यांत जुना करार मोकळा सोडला : मत्तयाच्या वर्षी अब्राहाम, इसहाक, याकोब हे कुलपती आणि मोशे, मार्कच्या वर्षी दावीद आणि शलमोन, लूकच्या वर्षी संदेष्टे. आठवड्यामागून आठवडा कथा पुढे सरकते, शुभवर्तमानाशी जुळो न जुळो. काही मंडळ्यांना हे मानवलं नाही, त्यांना जुळणी हवी होती. १९९२च्या सुधारित यादीत मग दोन्ही ठेवले. ते हे दोन रकाने. सूचना एवढीच की एक धरला की शेवटपर्यंत तोच धरावा, या रविवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरा असं करू नये. ही सूचना किती जण पाळतात कोण जाणे.

सलग म्हटलेलं वाचनही खरोखर सलग नाही, आणि हे मला कागदावर बोट ठेवल्यावर कळलं. मार्कच्या वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, एका रविवारी दावीद राजा आणि परस्त्री बथशेबा. पुढच्या रविवारी संदेष्टा नाथान दाविदाला दोषी ठरवतो, २ शमुवेल १२:१३ च्या मध्यापर्यंत. त्याच्या पुढच्या रविवारी एकदम १८वा अध्याय : अबशालोम झाडाला लटकतो आणि दावीद ‘माझ्या पुत्रा’ म्हणून आक्रोश करतो. मधला १३वा अध्याय कुठे गेला? तिथे दाविदाची मुलगी तामार आहे. सावत्र भावाने तिच्यावर केलेला बलात्कार, तिने डोक्यात घातलेली राख, ऐकून संतापलेल्या पण काहीच न केलेल्या बापाचं मौन, आणि त्यातून पेटलेला अबशालोम. हे गाळलं की अबशालोमाचं बंड आकाशातून पडल्यासारखं वाटतं आणि बापाचे अश्रू नुसते करुण वाटतात. १९९२च्या याच सुधारणेत साराची दासी हागार हिला जागा मिळाली, इतरही स्त्रियांच्या कथा वाढवल्या गेल्या, हे खरं. तामारेला मिळाली नाही.

कापलेल्या जागांची दुसरी तऱ्हाही आहे. मार्कच्या वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी कॅथलिक यादी यशया ६१ दुसऱ्या वचनाच्या अर्ध्यावर सोडते, ‘प्रभूच्या कृपेचं वर्ष’ इथे. पुढचा ‘सूड घेण्याचा दिवस’ वाचायचा नाही. प्रॉटेस्टंट यादी तो वाचते. इथे मला कापणाऱ्यांचा राग येत नाही, कारण लूकच्या म्हणण्याप्रमाणे नासरेथला येशूनेही नेमकं तिथेच वाचन थांबवून ग्रंथ गुंडाळला होता.

आता एका शब्दाविषयी, कारण त्यापायी तयारीत दर वर्षी गोंधळ होतो. नाताळकाळ संपल्यावर आणि पेंटेकॉस्टनंतर मिळून जे ३३ किंवा ३४ आठवडे उरतात त्यांना आपण सामान्य काळ म्हणतो. लॅटिन नावाचा अर्थ फक्त ‘वर्षभरातला काळ’ असा आहे. इंग्रजीत ‘ऑर्डिनरी’ हा शब्द आला, त्याची फोड क्रमवाचक (ऑर्डिनल) आकड्यांवरून करतात. मराठीत ‘सामान्य’ आलं आणि बरोबर ‘विशेष काही नाही’ हा अर्थही आला. वर्षाचा निम्म्याहून मोठा भाग, त्यात येशूची बहुतेक सगळी शिकवण, आणि नाव असं. शिवाय मोजणी सगळ्यांची एक नाही. २०२६ मध्ये कॅथलिकांचा सामान्य काळातला पंधरावा रविवार १२ जुलैला, पेंटेकॉस्टनंतरचा पंधरावा रविवार ६ सप्टेंबरला, आणि जुन्या अँग्लिकन रिवाजाने त्रैक्य रविवारानंतरचा (पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारानंतरचा) पंधरावा १३ सप्टेंबरला येतो. दोघे ‘पंधराव्या रविवारच्या’ पाठांविषयी बोलत असतील तर आधी तारीख विचारावी.

भारतात दक्षिणेतल्या मंडळ्या १९४७ मध्ये एकत्र आल्या, त्यांच्या यादीत प्रत्येक रविवारला एक विषय दिलेला असतो आणि पाठ त्या विषयाला धरून असतात. उत्तरेतल्या सहा मंडळ्यांची एकी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. तिच्यात प्रार्थनापुस्तक हाती धरून वाढलेले अँग्लिकन होते, आणि अहमदनगरकडच्या मिशनच्या मुशीतल्या, वचन पाळकाने प्रार्थनापूर्वक निवडावं असं मानणाऱ्या मंडळ्याही होत्या. एकाच वेदीवर दोन सवयी आल्या. आजही एखाद्या गावात कॅलेंडरवरचे पाठ वाचले जातात आणि उपदेश मात्र भलत्याच वचनावर होतो, त्याचं मूळ तिथे आहे.

पेरणाऱ्याच्या रविवारी पुन्हा येतो. प्रॉटेस्टंट यादीत मत्तय १३:१-९ आणि १८-२३ इतकंच आहे. मधली आठ वचनं गाळली आहेत. कॅथलिक यादीत १ ते २३ पूर्ण आहे, पण नवव्या वचनाशी थांबायची मुभा आहे. गाळलेल्या आठ वचनांत शिष्य विचारतात की तुम्ही यांच्याशी दाखल्यांनी का बोलता, आणि येशू यशयाच्या सहाव्या अध्यायातला तो कठीण उतारा सांगतो : ऐकतील पण समजणार नाहीत, पाहतील पण दिसणार नाही. जमीन पडीक का राहते हा दाखल्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच आहे. माझ्या तयारीच्या वहीत या रविवारच्या पानावर दोन्ही रकान्यांचे पाठ शाईने उतरवलेले आहेत, आणि खाली पेन्सिलने लिहिलं आहे : १०-१७ उभं राहून वाचायचं.