पिकअपमधला हॅम रेडिओ: बॅटरीचा अर्थ आणि अँटेनाचा अर्थ

चिपळूणच्या एका मित्राच्या डिझेल पिकअपमध्ये आम्ही दोघांनी मिळून हॅम (हौशी) रेडिओ बसवला. दोघांकडेही लायसन्स होतं, सामान चांगलं होतं, वायरिंग नीट होतं. छतावरच्या अँटेनावर व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड) पहिल्याच दिवशी उत्तम चाललं. मग हौद्याच्या पुढच्या कठड्यावर ७ मेगाहर्ट्झसाठी अडीच मीटरचा व्हिप (काठीसारखी अँटेना) उभा केला आणि त्रास सुरू झाला. माइकचं बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे, आणि माइकच्या स्क्रूला ओठ टेकला की बारीक चटका बसायचा. ओळखीच्या वायरमनने मल्टीमीटर लावून पाहिला. "बॉडी अर्थ एकदम ओके आहे," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने तपासलेला अर्थ (म्हणजे अर्थिंग) खरोखरच ठणठणीत होता. आमचा दुसरा अर्थ बिघडलेला होता.

गॅरेजमध्ये दोन्हींना अर्थच म्हणतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पहिला अर्थ बॅटरीचा. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट रेडिओतून फिरून मायनसला परत यायला हवा, त्याची ही परतीची वाट. इथे हिशेब सरळ असतो: वायर जाड, जोड घट्ट, फ्यूज बॅटरीजवळ. १०० वॉटचा एचएफ (७ मेगाहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीचा) रेडिओ बोलताना साधारण २० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून केबिनपर्यंत तीन मीटर जायचं आणि तीन मीटर यायचं धरलं, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात; ६ चौरस मिलिमीटरची घातली तर ०.३५ च्या आसपास. मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटमधून असा रेडिओ चालवायचा विचारही करू नका. त्याचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचाच असतो.

मायनसची वायर नेमकी कुठे जोडायची, यावर हॅम मंडळी तासन्‌तास वाद घालतात. माझं मत असं की बॅटरीच्या खुंटीवर न जोडता, बॅटरीची जाड मायनस पट्टी बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे जोडावी. कधी ती पट्टी सैल झाली किंवा गंजली, तर स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो आणि तो करंट तुमच्या रेडिओच्या वायरीतून परतायला बघतो. शिवाय नव्या गाड्यांमध्ये मायनस खुंटीवर करंट मोजणारा सेन्सर असतो. थेट खुंटीवर जोडलं तर रेडिओने ओढलेला करंट त्याला दिसतच नाही.

दुसरा अर्थ अँटेनाचा. उभा व्हिप म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे त्याच्या बुडाशी असलेला पत्रा. व्हिपमध्ये जेवढा करंट चढतो, तेवढाच पत्र्यात पसरावा लागतो. १४५ मेगाहर्ट्झला व्हिप जेमतेम ४९ सेंटिमीटरचा असतो, त्याला केबिनचं छत पुरतं. पण ७ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साडेदहा मीटर भरते. तिथे पिकअपचा सगळा पत्रा एकत्र केला तरी कमीच पडतो, आणि पिकअपमध्ये तो एकत्र नसतोच. केबिन रबरी बुशांवर बसलेली, हौदा वेगळा, चॅसी वेगळी, दरवाजे आणि बॉनेट बिजागरीच्या भरवशावर. गाडी एक दिसते, पण अँटेनाच्या लेखी ते चार-पाच सुटे तुकडे असतात.

आता मल्टीमीटर का फसवतो ते पाहू. केबिनपासून हौद्यापर्यंत ३० सेंटिमीटरची बारीक वायर जोडा. मल्टीमीटर शून्य दाखवेल. पण सरळ वायरीलाही इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवण्याचा गुण) असतो, ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री. म्हणून तीच वायर ७ मेगाहर्ट्झला सुमारे १३ ओहमने अडवते, १४ ला २६ ने आणि १४५ ला २७० ने. वाट अडली की करंट दुसऱ्या वाटा धरतो: कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी, रेडिओची बॉडी, माइकची वायर. आमच्या ओठाला बसणारा चटका हाच होता.

उलट बाजूनेही मीटर तसाच चुकतो. छतावरच्या मॅग्नेट माउंटच्या (चुंबकाने चिकटणाऱ्या अँटेना-बैठकीच्या) बुडाला आणि छताला मीटर लावा, मध्ये रंग आणि रबर असल्यामुळे तो 'जोड नाही' म्हणेल. पण चुंबक आणि पत्रा मिळून कपॅसिटर तयार होतो. तो ५०० पिकोफॅरडचा धरला तर १४५ मेगाहर्ट्झला त्याची अडवणूक दोन-सव्वादोन ओहम होते, म्हणजे जोडल्यासारखंच. ७ मेगाहर्ट्झला तीच ४५ ओहमवर जाते. म्हणून मॅग्नेट माउंट व्हीएचएफला छान चालतं आणि ४० मीटर बँडवर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झला) दगा देतं.

एसडब्ल्यूआरचीही (अँटेना रेडिओच्या ५० ओहमशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) एक भूल आहे, ती नवख्यांनी लक्षात ठेवावीच. अडीच मीटरच्या व्हिपचा ७ मेगाहर्ट्झला प्रत्यक्ष लहरी बाहेर फेकणारा रोध दोन-तीन ओहमच असतो. आखूड व्हिप जुळवणाऱ्या कॉइलचा आणि पत्र्याचा तोटा मिळवून चांगल्या गाडीवर एकूण २५ ओहमच्या आसपास येतो, म्हणजे एसडब्ल्यूआर २. पत्र्याचा जोड वाईट असेल तर तोटा वाढून बेरीज ५० ला पोहोचते आणि मीटर सुंदर १.१ दाखवतो. माणूस खूश होतो, पण जवळपास निम्मे वॉट गंजलेल्या जोडांत तापून जात असतात.

आम्ही काय केलं? केबिन ते चॅसी आणि हौदा ते चॅसी, दोन्हीकडे बोटभर रुंद, शक्य तितक्या आखूड चपट्या जाळीच्या पट्ट्या टाकल्या. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातले आणि वरून ग्रीस फासलं. कोकणात उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं, म्हणून कल्हई केलेलीच जाळी घेतली. व्हिपच्या बुडाशी कोॲक्सवर क्लिपचे फेराइट (जाळीवरून परतणारा चुकार करंट अडवणारी कडी) चढवले. बॅटरीच्या वायरींना हातही लावला नाही, त्या आधीपासून बरोबरच होत्या.

संध्याकाळी बटण दाबलं, दिवे लुकलुकले नाहीत. माइकचा स्क्रू मुद्दाम ओठाला लावून पाहिला, चटका नाही. एसडब्ल्यूआर मात्र १.२ वरून १.९ वर गेला होता. मित्राचा चेहरा उतरला, पण मला तो आकडा पाहून बरं वाटलं. व्हिपच्या बुडापासून पत्र्यापर्यंत जाड तारेचे काही वेढे जोडले, ते थोडे ताणून-दाबून जुळवले आणि तो १.३ वर आला.