प्रतिस्पर्ध्याला हरवले, पण संघ खेळला कसा?

२२ जून १९७४ रोजी हॅम्बुर्गमध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्या फेरीत पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनी समोरासमोर आले. ७७व्या मिनिटाला युर्गेन श्पारवासरने गोल केला आणि पूर्व जर्मनीने सामना १-० असा जिंकला. सख्ख्या शेजाऱ्याला त्याच्याच अंगणात हरवले होते, याहून गोड विजय कुठला! पण गटात पहिला आल्यामुळे पूर्व जर्मनीच्या वाट्याला पुढच्या फेरीत ब्राझील, नेदरलँड्स आणि अर्जेंटिना आले. पहिल्या दोघांनी हरवले, तिसऱ्याशी बरोबरी झाली आणि संघ घरी परतला. हरलेल्या पश्चिम जर्मनीने युगोस्लाव्हिया, स्वीडन आणि पोलंडला नमवले आणि हॅम्बुर्गच्या पराभवानंतर पंधराव्या दिवशी विश्वचषक उचलला.

कोण जिंकले हे त्या १-० मधून कळते. कोणता संघ चांगला, किंवा त्या दिवशी कोण चांगले खेळले, हे त्यातून फारसे कळत नाही. आणि सामना कट्टर प्रतिस्पर्ध्याशी असेल, तर तो तपासायला बसलेल्या माणसाचे डोळेच आधी तपासावे लागतात.

१९५१ साली डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन अमेरिकी विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. त्यावरचा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. फीत तीच, खेळ तोच. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. मेंदू आपल्या बाजूला सोयीचे तेवढे टिपतो आणि बाकीचे गाळतो. विजयानंतर याच्या जोडीला आणखी एक खोड येते. निकाल कळला की त्याआधीचा प्रत्येक निर्णय त्या निकालाच्या रंगात रंगतो. ८०व्या मिनिटाला उतरवलेल्या बदली खेळाडूने गोल केला तर प्रशिक्षक धूर्त, आणि त्याचाच फटका खांबाला लागून बाहेर गेला तर प्रशिक्षक भित्रा. निर्णय मात्र दोन्ही वेळी एकच असतो.

म्हणून पहिला व्यावहारिक नियम असा की सामना संपल्या संपल्या मत बनवू नये. दुसऱ्या दिवशी पूर्ण सामना पुन्हा पाहावा. ठळक क्षणांची फीत यासाठी निरुपयोगी आहे. ती गोलांभोवती कापलेली असते, आणि गोल हीच फुटबॉलमधली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. २०२२च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सामन्याला २.७ सुद्धा नाहीत. इतक्या थोड्या घटनांवर निकाल ठरणाऱ्या खेळात नशिबाचा वाटा मोठा असणारच.

यावरचा उतारा म्हणून गोलांऐवजी संधी मोजायची पद्धत आली. तिचे रूढ नाव एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. अशाच जागेवरून, अशाच परिस्थितीत पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती गोलात गेले, यावरून प्रत्येक फटक्याला ० ते १ मधला आकडा दिला जातो. अंतर, कोन, पाय की डोके, पास कसा आला, मध्ये किती बचावपटू होते, हे सगळे त्यात धरतात. पेनल्टीचा आकडा साधारण ०.७७ असतो. सगळे फटके एकत्र धरले तर दहातला जेमतेम एक गोलात जातो.

कोनाचे गणित पाहिले की यामागचे कारण लगेच उमगते. गोलची रुंदी ७.३२ मीटर. अगदी समोरून, ११ मीटरवरच्या पेनल्टी बिंदूवरून पाहिले तर दोन खांबांमधला कोन सुमारे ३७ अंशांचा भरतो. ५.५ मीटरवर तो ६७ अंश होतो, तर २५ मीटरवर १७ अंशांच्याही आत येतो. शिवाय लांबून मारलेल्या चेंडूसमोर बचावपटूंची गर्दी असते आणि गोलरक्षकाला हलायला वेळ मिळतो. त्यामुळे गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सबाहेरच्या फटक्याचे मोल बहुतेक वेळा ०.०३-०.०४ च्या आसपासच असते. “आपण वीस फटके मारले” या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्यातले पंधरा लांबून असतील, तर पंधरांची बेरीज एका पेनल्टीएवढीही भरत नाही.

आकडे उपलब्ध नसतील तर कागदावरही काम भागते. पेनल्टी बॉक्सचे चित्र काढा. प्रत्येक फटक्याच्या जागी खूण करा, पायाने मारला तर ठिपका आणि डोक्याने मारला तर फुली. त्याच अंतरावरून हेडर हा पायाच्या फटक्यापेक्षा कमी धोक्याचा असतो, म्हणून खुणा वेगळ्या. पेनल्टी बाजूला लिहा. एक चूक इथे हमखास होते. गोलरक्षकाने अडवलेला चेंडू परत आला आणि लगेच दुसरा फटका बसला, तर दोन्हींचे आकडे थेट मिळवले जातात. पहिला ०.६ आणि दुसरा ०.७ असेल तर बेरीज १.३ येते, पण त्या एका चालीत एकाहून जास्त गोल होऊच शकत नव्हता. दोन्ही फटके चुकण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.३, म्हणजे ०.१२. म्हणून त्या चालीचे खरे मोल ०.८८.

आता समजा, हिशेब केल्यावर आपल्या संघाचे अपेक्षित गोल १.० आणि प्रतिस्पर्ध्याचे १.८ निघाले, तरी आपण जिंकलो. हा चमत्कार नव्हे. पॉइसाँच्या सूत्राने, म्हणजे सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता हे काढणाऱ्या गणिताने, मांडले तर अशा सामन्यात प्रतिस्पर्धी सुमारे ५६ टक्के वेळा जिंकतो, २३ टक्के वेळा बरोबरी होते आणि उरलेल्या २१ टक्के वेळा आपण जिंकतो. म्हणजे जवळजवळ पाचातला एक सामना कमी संधी निर्माण करणाऱ्याच्या खिशात जातो. चाहत्यांना ही “जिद्द” वाटते. जिद्द असेलही, पण ती नसतानाही पाचातला एक सामना असा सुटला असता.

बेरीज सारखी असली तरी तिची घडण वेगळी असू शकते. एका संघाला ०.५ च्या दोन संधी मिळाल्या आणि दुसऱ्याला ०.१ च्या दहा. दोघांचे अपेक्षित गोल १.० च. तरी निदान एक गोल होण्याची शक्यता पहिल्याची ७५ टक्के, दुसऱ्याची ६५ टक्के. कमी धावाधाव करून दोन पक्क्या संधी काढणारा संघ दिसायला निष्क्रिय वाटतो, पण किंचित वरचढ तोच असतो.

इथपर्यंतचे बरेच जण करतात. फसगत होते ती पुढे, कारण नव्वद मिनिटांचा सामना हा एकजिनसी सामना नसतो. आघाडी मिळालेला संघ मागे सरकतो, जोखीम टाळतो, चेंडू समोरच्याला देऊन टाकतो. पिछाडीवरचा संघ पुढे धावतो आणि हाताला लागेल तिथून फटके मारतो. सामन्याअखेरच्या बेरजेत मग हरणाराच भारी दिसतो. ८ जुलै २०१४ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ब्राझीलचे फटके जर्मनीपेक्षा जास्त होते, आणि निकाल होता जर्मनी ७, ब्राझील १. पहिल्या २९ मिनिटांतच ५-० झाले होते, त्यातले चार गोल २३व्या ते २९व्या मिनिटादरम्यान. त्यानंतर जर्मनीला घाई कसली?

त्यामुळे सामन्याचे तुकडे पाडणे भाग आहे. गोल, लाल कार्ड आणि मोठे बदल जिथे झाले तिथे रेघ ओढायची आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा मांडायचा. २१ नोव्हेंबर २०२३ चा, ब्राझीलमधल्या माराकाना मैदानावरचा सामना घेऊ. अर्जेंटिनाने ब्राझीलला १-० असे हरवले. विश्वचषक पात्रता फेरीत ब्राझील घरच्या मैदानावर प्रथमच हरला, त्यामुळे अर्जेंटिनाच्या चाहत्यांसाठी तो दिवस सोन्याचा. अर्जेंटिनाच्या ओटामेंडीने ६३व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरने गोल केला. ८१व्या मिनिटाला ब्राझीलच्या जोएलिंटनला लाल कार्ड मिळाले. म्हणजे तुकडे तीन: पहिली ६३ मिनिटे बरोबरीत, पुढची १८ मिनिटे आघाडीवर पण अकरा विरुद्ध अकरा, आणि शेवटचा भाग अकरा विरुद्ध दहा. संघाचा खरा कस पहिल्या तुकड्यात लागतो. दुसऱ्यात बघायचे ते बचावाची शिस्त. तिसऱ्यात चेंडू आपल्याकडे राहिला याचे कौतुक करण्यात काही हशील नाही, उलट तिथे तो राहिला नसता तर काळजी करावी लागली असती.

गोल कॉर्नरवर झाला, हेही वेगळ्या रकान्यात जाते. शंभर कॉर्नरमागे ढोबळमानाने तीन-चार गोल होतात. कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टीवरचे गोल खऱ्या कौशल्याचे असतात, सराव करूनच ते येतात. पण त्यांच्यावरून संघाची खेळती चाल कशी चालली हे कळत नाही. एका सामन्यात कॉर्नरवर गोल झाला म्हणून “आपण कॉर्नरवर घातक आहोत” हा निष्कर्ष तर अजिबात काढू नये. त्यासाठी निदान काही डझन कॉर्नर बघावे लागतात.

चेंडूच्या ताब्याची टक्केवारी हा सर्वांत जास्त दाखवला जाणारा आणि सर्वांत कमी सांगणारा आकडा. १ डिसेंबर २०२२ रोजी जपानने स्पेनला २-१ असे हरवले तेव्हा जपानकडे चेंडू १८ टक्के वेळही नव्हता. ताबा कुठे होता हे महत्त्वाचे. आपल्याच बचावफळीत आडवे पास देत राहिल्यानेही टक्केवारी फुगते. त्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू नियंत्रणात घेऊन किती वेळा शिरलो, हे मोजावे. मोजायला सोपे आणि बरेच बोलके.

दबाव टाकला की नाही, हे ठरवायला पीपीडीए नावाचे माप वापरतात. मैदानाचा प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडचा सुमारे ६० टक्के भाग घ्यायचा. तिथे त्यांनी दिलेले पास भागिले आपण तिथे केलेल्या टॅकल, अडवलेले पास आणि फाउल यांची बेरीज. उत्तर ८ च्या आसपास आले तर संघ अंगावर धावून जात होता, १५ च्या वर गेले तर मागे थांबून वाट पाहत होता. यातली खोट अशी की समोरचा संघ स्वतःहून लांब चेंडू भिरकावत असेल तर पास कमी पडतात आणि आपला आकडा फुकटात चांगला दिसतो. म्हणून जोडीला एक साधी मोजणी ठेवावी: त्यांच्या दर दहा गोल किकपैकी किती वेळा गोलरक्षकाला जवळ पास देण्याची इच्छा असूनही, वाट बंद झाल्यामुळे लांब मारावे लागले? इच्छा होती हे त्याच्या पहिल्या नजरेवरून आणि बचावपटूंच्या जागेवरून ओळखता येते. टीव्हीवर मात्र नेमक्या त्या वेळी मागची झलक दाखवत असतात, ही कायमची अडचण.

मोजून चुकणाऱ्यांचीही परंपरा आहे. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस. १९५० साली स्विंडन या इंग्लिश क्लबच्या एका सामन्यात त्यांनी पेन्सिल काढली आणि पुढे अनेक दशके चालींची नोंद ठेवली. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात, असे त्यांना आढळले. म्हणून चेंडू पटकन पुढे मारा, असा सल्ला निघाला. मोजणी बरोबर होती, अर्थ चुकला. फुटबॉलमधल्या बहुतेक चाली मुळातच तीन पासांच्या आत तुटतात, तेव्हा बहुतेक गोलही त्यांतूनच होणार. पाहायला हवे होते ते दर शंभर लहान चालींमागे किती गोल आणि दर शंभर लांब चालींमागे किती. विजयानंतर “आपला गोल झटपट चालीवर झाला, तेच आपले बळ” असे म्हणणारे आजही रीप यांचीच चूक करतात.

या सगळ्या चाळण्या लावल्या तरी एका सामन्याचा पुरावा तुटपुंजाच राहतो. २०२२ मध्ये स्पेनने कोस्टा रिकाला ७-० ने धुतले. चार दिवसांनी कोस्टा रिकाने जपानला १-० ने हरवले. आणखी चार दिवसांनी जपानने स्पेनला. या तिघांची क्रमवारी लावून दाखवा! राष्ट्रीय संघ वर्षात साधारण दहा-बारा सामने खेळतो, तेही वेगवेगळ्या दर्जाच्या संघांशी आणि बदलत्या खेळाडूंसह. सात-आठ सामन्यांची सरासरी काढल्याशिवाय सुधारणा झाली असे म्हणणे घाईचे ठरते.

फिफाची क्रमवारी ही सावधगिरी सूत्रातच बसवते. २०१८ पासून गुण असे ठरतात: निकालातून (विजय म्हणजे १) अपेक्षा वजा करायची आणि उरलेल्याला सामन्याच्या महत्त्वाने गुणायचे. १५०० गुणांचा संघ १६२० गुणांच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळला तर त्याची अपेक्षा ०.३९ धरली जाते. जिंकल्यावर फिफाच्या ठरलेल्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण सामन्यात ६ गुण मिळतात, विश्वचषक पात्रता सामन्यात १५. गोलफरक मोजतच नाहीत, म्हणून ५-० लाही तेवढेच. शत्रुत्वासाठी वेगळा गुणक नाही. आणि सामना बरोबरीत सुटून पेनल्टी शूटआउटवर जिंकला, तर पूर्ण १ ऐवजी ०.७५ धरले जाते.