पॅलेट ट्रकचं बेअरिंग: नंबर तोच, पण झेडझेड की टू-आरएस?

हँड पॅलेट ट्रक म्हणजे पुढच्या दोन लांब फोर्कवर माल उचलून हाताने ओढायची गाडी. ती ओढणाऱ्याला तिची रचना समजावायला नको. फोर्कखालच्या प्रत्येक रोलरमध्ये दोन बेअरिंग, हँडलखालच्या प्रत्येक चाकात दोन. बऱ्याच गाड्यांना ६२०४ नंबरचं बेअरिंग लागतं: भोक २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४. ६००४चं भोकही २०च, पण बाहेरून ४२, म्हणजे रोलरमध्ये खुळखुळणार. जुन्यावर कोरलेला नंबर वाचा, एवढं पुरे.

घोळ होतो तो नंबरामागच्या अक्षरांत. ‘६२०४ द्या’ म्हटलं की पुष्कळदा झेडझेड (ZZ) हातात पडतं आणि ‘नंबर तोच आहे ना’ म्हणून आपणही घेतो. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असतात. ती बाहेरच्या कड्यात घट्ट बसतात, आतल्या कड्याला मात्र टेकत नाहीत, बारीक फट राहते. भुसा-कचरा बराचसा अडतो, पाणी अडत नाही. टू-आरएसला (2RS) रबरी सील असतं आणि त्याची कड आतल्या कड्यावर घासत राहते.

आणि नेमकं इथेच लोक फसतात. काउंटरवर बेअरिंग बोटांत धरून गिरकी देतात. झेडझेड भिरभिरत राहतं, टू-आरएस जड फिरून लगेच थांबतं. मग ‘हे फ्री आहे’ म्हणत झेडझेड उचलतात. ही परीक्षाच चुकीची आहे. तो जडपणा सील टेकल्याचा आहे, आणि त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो. चालत्या माणसामागे ८० मिमीचा रोलर मिनिटाला अडीचशे-पावणेतीनशे फेरे घेतो. छताचा पंखाही सहसा याहून जोरात फिरतो. त्या वेगाला सीलची अडचण कसली?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरात गाडी दिवसभर बर्फाच्या आणि खाऱ्या पाण्यातून जाते. झेडझेड असेल तर पाणी फटीतून शिरतं, ग्रीस दुधाळ होतं. गाडी रोज फिरते तोवर हे कळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी कोपऱ्यात उभी. छर्रे जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो. ऑगस्टमध्ये रोलर खरखरतो किंवा जाम होतो, आणि तसाच ओढला तर फरशीवर घासून एका बाजूने चपटा होतो. मग बेअरिंगच्या जोडीला रोलरचाही खर्च. म्हणून धक्का, बर्फ कारखाना, मासळीचं युनिट इथे टू-आरएसच घ्यावं. काजूच्या कोरड्या गोदामात झेडझेड खुशाल चालेल.

कंपनीगणिक अक्षरं बदलतात. एनएसकेचं डीडीयू, एनटीएनचं एलएलयू ही टेकणारी सीलं. पण एनएसकेचं व्हीव्ही आणि एनटीएनचं एलएलबी दिसायला रबरीच असली तरी टेकत नाहीत. ती ओल्या जागी नकोत. नंबरामागे सी-थ्री (C3) असेल तर ते म्हणजे ‘हेवी क्वालिटी’ नव्हे, आत थोडी जास्त मोकळीक, बस्स.

टू-आरएसवरही प्रेशरच्या पाण्याचा झोत जवळून मारू नका, सील उचललं जातं. आणि रोलरमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्या. आतल्या कड्यावर हातोडी मारली की छर्ऱ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.